आप्पांच्या आवाजाचा वेग

अन्याय माझ्या वडिलांवर झाला. गेल्या वर्षी, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी, सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला. घरात ते एकटेच होते. आई देवळात गेली होती आणि मी एका मोर्चाची पत्रकं आणायला छापखान्यात. फोन वाजला, आप्पांनी उचलला. पलीकडून एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा माणूस म्हणाला की, तुमचा कॅसेट डेक दुरुस्त होण्यासारखा नाही, तो आम्ही भंगारात काढतोय, तुमची काही हरकत?

आप्पांची हरकत होती आणि त्यांनी ती सांगितली. फोनच्या पाठीवर बोटानं दोनदा टकटक केलं. आमच्या घरात एक टकटक म्हणजे व्हय, दोन म्हणजे न्हाय. आमच्या गल्लीतल्या किराणावाल्यालासुद्धा हे ठाऊक आहे. पलीकडच्या माणसाला ठाऊक नव्हतं. त्यानं हॅलो हॅलो केलं, आवाज येत नाही म्हणाला, आणि फोन ठेवला. ‘ग्राहकाकडून प्रतिसाद नाही’ असा शेरा मारून डेक भंगाराच्या गाडीत चढवला.

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा आप्पा खुशीत होते. त्यांनी कानाशी हात नेला, म्हणजे फोन आला होता. मग पाटावर दोनदा टकटक केलं आणि छातीवर हात ठेवला. फोन आला होता, मी नाही म्हणालो. आई म्हणाली, “बरं केलंत.” आम्ही जेवायला बसलो.

माझ्या वडिलांना स्वरयंत्र नाही. गळ्याला भोक आहे, त्यावर ते पांढरा रुमाल बांधतात. आणि ज्या डेकबद्दल मी बोलतेय, त्यात त्यांचा आवाज होता. डेकमध्ये म्हणजे कॅसेटमध्ये, असं तुम्ही म्हणाल. नाही. डेकमध्येच. का ते सांगते.

आप्पा रिक्षातून अनाउन्समेंट करायचे. टपावर दोन कर्णे, सीटखाली बॅटरी, हँडलशेजारी एक कॅसेटप्लेअर. सर्कस आली, साड्यांचा सेल लागला, कुणाची सभा आहे, कुणाचा मुलगा हरवलाय, हे सोलापुरातल्या गल्ल्यांना आप्पांकडून कळायचं. मराठीत तर व्हायचंच, पण पूर्व भागात विणकरांच्या वस्तीत गेलं की तेलुगूतही. आप्पांना तेलुगू येत नव्हतं. शेजारच्या अक्का एकेक शब्द सांगायच्या आणि आप्पा तो कानडी वळणानं म्हणायचे. आमच्या घरात कानडी चालतं ना. लोक हसायचे. हसायला का होईना, दारात यायचे.

रेकॉर्डिंग घरीच व्हायचं, आतल्या खोलीत. टेबलावर डेक, हातात माइक, खिडकीवर वाकळ टांगलेली. वाकळ टांगायची ती अक्कांच्या मागांसाठी. आमच्या भिंतीला लागून त्यांचे चादरीचे दोन माग होते आणि ते दिवसभर खटाक-खट, खटाक-खट चालायचे. आप्पा म्हणायचे, “त्यांच्या पोटापाण्याचा आवाज आहे, बंद करा कसं म्हणणार? आपणच दार लावून घ्यावं.”

आता डेकची गोष्ट. रिक्षातला प्लेअर बॅटरीवर चालायचा आणि संथ ओढायचा. त्यात कॅसेट घातली की बोलणारा माणूस आत्ता झोपेतनं उठलाय असं वाटायचं. नवा प्लेअर घ्यायच्या ऐवजी आप्पांनी उलटं केलं. घरच्या डेकच्या मोटरला पाठीमागं एक बारीक भोक असतं, त्यात स्क्रू. तो फिरवून त्यांनी डेकही तितकाच संथ केला. दोघं सारखेच आळशी झाले आणि रिक्षातून आवाज जसाच्या तसा, खणखणीत यायला लागला. स्क्रू हलू नये म्हणून त्यावर आईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. आई महिनाभर म्हणत होती, “मला एक बाटली आणून दिली नाही कधी, आणि त्या यंत्राला नखं रंगवालेत.”

त्यामुळं आप्पांची कॅसेट या जगात दोनच यंत्रांवर खरी वाजायची. एक तो डेक, दुसरा तो रिक्षातला प्लेअर. इतर कशावरही लावली की आप्पा घाईत असलेल्या पोरासारखे बोलतात.

आणि कॅसेट एकच राहिली आहे. अनाउन्समेंटवाले कॅसेट जपून ठेवत नाहीत. साड्यांच्या सेलवर सर्कस, सर्कशीवर सभा, असं एकावर एक रेकॉर्ड करत जातात. ज्याच्यावर दुसरं काही चढू नये असं वाटतं, त्या कॅसेटच्या पाठीवरची बारकी टिकली मोडतात. आप्पांनी आयुष्यात एकाच कॅसेटची टिकली मोडली. ती पाण्याची होती. ती पुन्हा पुन्हा लागायची, दर वेळी नव्यानं कोण बोलणार?

“नागरिकांना कळविण्यात येते की, मुख्य जलवाहिनीच्या दुरुस्तीचे काम चालू असल्याने उद्या होणारा पाणीपुरवठा एक दिवस उशिराने होईल. नागरिकांनी पाणी जपून वापरावे.”

एवढंच. आणि त्यानंतर, बटण दाबायच्या आधी, “ए, दार लाव की गं.”

ते मला आहे. मी शाळेतून आले होते, दार उघडं टाकून दप्तर फेकलं होतं. बाहेर महापालिकेचा माणूस घाई करत उभा होता म्हणून आप्पांनी ते तसंच रिक्षात लावलं. मग अख्ख्या शहरानं ते ऐकलं. शाळेत पोरं मला बघितली की कोरसमध्ये ओरडायची, “ए, दार लाव की गं!” मी घरी येऊन रडले, म्हटलं आप्पा ते काढून टाका. तर म्हणाले, “राहू दे बाळा. त्या एका वाक्यासाठी लोक शेवटपर्यंत ऐकालेत. नाहीतर पाण्याची बातमी कोण ऐकतं?”

मी सातवीत असताना त्यांचा गळा गेला. तंबाखू. दुसरं काय. ऑपरेशनला नेताना ते माझ्याशी शेवटचं काय बोलले हे लोक विचारतात. ‘डबा खाल्लास का’ असं काहीतरी असेल. शेवटचं आहे हे कुणाला माहीत होतं?

रिक्षा कर्ण्यांसकट, प्लेअरसकट विकली. माढ्याकडचा कुणी माणूस घेऊन गेला. डेक मात्र आप्पांनी दिला नाही. दिवाळीत घर झाडलं की डेक पुसायचा, कॅसेट एकदा वाजवायची, आई म्हणायची “झालं का, पाणी येणार नाही ते,” आणि आप्पा पाटावर एकदा टकटक करायचे. मग एका दिवाळीत डेक चालू झाला नाही, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. राहिला तसाच माळ्यावर. मोबाइलवर उतरवून का घेतलं नाही, असं मला सगळे विचारतात. डेक घरात होता म्हणून. नळाला पाणी असताना पाण्याचा फोटो काढून ठेवतं का कुणी?

गेल्या वर्षीच्या आषाढात एका संध्याकाळी टीव्हीवर कुणीतरी पुढारी बोलत होता. आप्पांनी त्याच्याकडं बोट केलं, मग स्वतःच्या गळ्याकडं, आणि भुवया उंचावल्या. माझा असा होता का?

मी म्हटलं, “छे. तुमचा लई जाड होता.”

आई म्हणाली, “जाड कुठला? बारीक होता. गोड होता.”

“आई, कर्ण्यातनं ऐकलेला सांगू नकोस.”

“तू सातवीत होतीस. मी लग्न केलंय त्या माणसाशी.”

आम्ही हसत भांडत होतो. मग माझं लक्ष आप्पांकडं गेलं. ते एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होते. निकाल कळण्याची वाट बघत होते. त्यांना स्वतःला आठवत नव्हता. माणूस आपला आवाज आतून ऐकतो, मला वाटायचं तो कसा विसरेल? विसरतो. वापरात नसलेली गल्ली विसरावी तसा.

दुसऱ्या दिवशी डेक खाली निघाला. आतला रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता. आप्पांनी डेक चादरीत बांधला आणि स्वतः घेऊन गेले. मी गल्लीतल्या मिस्त्रीकडं न्या म्हणत होते. पण डेकच्या कपाळावर ज्या कंपनीचं नाव होतं, त्याच कंपनीची मोठी पाटी आता शहरात लागली आहे, फ्रीज आणि टीव्हीची. ज्यानं बनवलं त्याला दुरुस्त करता येणार, असा आप्पांचा सरळ हिशेब. परत आले ते खुशीत. काउंटरवरच्या मुलीनं पाणी दिलं, खुर्ची दिली, असं हातानं करून दाखवलं. फोन नंबर त्यांनी स्वतःचा दिला. वस्तू त्यांची होती.

त्या सोमवारनंतर तीन-चार दिवसांनी मी डेकचं काय झालं विचारायला गेले. मुलगी माझ्याच वयाची होती.

“मॅडम, तो प्रॉडक्ट डिसकंटिन्यू आहे.”

“नका दुरुस्त करू. परत द्या.”

“परत नाही मिळणार. स्क्रॅपला गेला. आम्ही कस्टमरला कॉल केला होता, पण काही रिस्पॉन्स नव्हता.”

“माझ्या वडिलांना बोलता येत नाही.”

तिनं स्क्रीनवरचा नंबर बघितला. मग म्हणाली, “मग त्यांनी नंबर का दिला?”

उद्धटपणानं म्हणाली नाही. तिला खरंच प्रश्न पडला होता. मी खूप बोलले. मला बोलता येतं, ते माझं कामच आहे, विडी कामगार बायांच्या सभेत मी माइकशिवाय बोलते. मी म्हटलं, बिघडलेली वस्तूसुद्धा ज्याची त्याचीच असते. गप्प बसणं म्हणजे हो म्हणणं, हे कुणी ठरवलं? मॅनेजर बाहेर आले, सहानुभूती दाखवली आणि ब्लूटूथ स्पीकरवर सूट देऊ केली. भंगाराची गाडी कुठं गेली ते त्यांना माहीत नव्हतं. मी जुना बाजार पालथा घातला, दोन भंगारवाल्यांच्या ढिगांवर चढले. एकाकडं त्याच गाडीतले टीव्ही होते, फोडून तांबं काढलेले. मी परत आले.

आप्पांना सांगितलं. त्यांनी शांतपणानं ऐकून घेतलं. मग मोबाइल हातात घेतला आणि त्याच्या पाठीवर टकटक केलं. दोनदा. माझ्याकडं बघितलं. परत दोनदा, जरा जोरात. मी तर नाही म्हणालो होतो.

आम्ही संघटनेतल्यांनी पत्रक काढलं. ‘ग्राहकाचे मौन म्हणजे संमती नव्हे.’ कंपन्यांनी जुन्या वस्तू दुरुस्त करून द्याव्यात, ही मागणीही त्यात घातली आणि ते सर्व्हिस सेंटरसमोर वाटलं. लोकांनी घेतलं, घडी घातली, खिशात ठेवलं. समोरच्या गाड्यावर त्याच पत्रकावर भजी मिळत होती. पत्रकात मी आप्पांचं काही लिहिलं नव्हतं. पत्रकात मुद्दे मावतात, माणूस मावत नाही.

मग मी कॅसेट घेऊन गल्लीतल्या मिस्त्रीकडं गेले. मिस्त्री तोंडाचा फटकळ, दुकानात कायम चार रिकामटेकडे.

“कुठला डेक म्हणालीस? तो? अगं, तो असता तर मी देव्हाऱ्यात ठेवला असता की!”

“तो राहिला नाही. तसाच दुसरा पाहिजे.”

“तसाच कशाला? आण हिकडं ती कॅसेट.” त्यानं दुसऱ्या एका टेपवर लावली. ‘नागरिकांना कळविण्यात येते की’ चिरक्या, घाईघाईच्या आवाजात सुरू झालं आणि चौघं खो खो हसायला लागले. “कोण बे हा? पाचवीतला पोरगा का?” शेवटी ‘ए, दार लाव की गं’ आलं आणि मिस्त्रीचं हसणं मध्येच थांबलं.

“हे पाण्याच्या रिक्षावाल्याचं हाय की!”

“माझे वडील.”

“म्हणजे ती दार न लावणारी तू?” सगळे परत हसले, पण आता वेगळं. मी विचारलं, “आवाज आठवतो का तुम्हाला त्यांचा?” मिस्त्रीनं विचार केला. “वाक्य आठवतंय. आवाज… आवाज कोण ध्यानात ठेवतं गं?”

कॉम्प्युटरवर आवाज हळू करता येतो, हे मला माहीत आहे. कृपा करून सांगायला येऊ नका. केलाय. हवा तितका हळू होतो. पण किती हवा? तो आकडा कुठंच लिहिलेला नव्हता. डेकच्या मोटरमागं, लाल ठिपक्याखाली तेवढा होता. आप्पांना माउस धरून ते जमेना. बारका पेचकस त्यांच्या बोटांना कळत होता, तेच यंत्र कळत होतं. म्हणून तसाच डेक हवा होता.

बार्शीला मंडप आणि लाऊडस्पीकरचा जुना धंदा असलेल्या एकाकडं तसा डेक असल्याचं मिस्त्रीला कुठून तरी कळलं. मी आणि आप्पा एसटीनं गेलो. मालक सत्तरीचे, ओट्यावर बसलेले. आप्पांना बघून उठलेच. “अहो या की! किती वर्षांनी! बोला, काय म्हणताय?” आप्पा हसले. “काय हो, आमच्याशी बोलायचं न्हाय का? सोलापूरकर लई मोठे झाले.” मी रुमालाकडं खूण केली. ते खाली बसले. आप्पांना शेजारी बसवून घेतलं आणि म्हणाले, “तुमच्यामुळं माझी एका लग्नाची ऑर्डर गेली होती, ठाऊक आहे? पोरीचा बाप म्हणाला, मला तो सोलापूरचा आवाज पाहिजे.”

“कसा होता आवाज?” मी विचारलं. मी आता सगळ्यांनाच विचारत होते.

“भारी होता.” एवढंच.

डेक धान्याच्या कोठारात, पोत्यांच्या मागं होता. आत उंदरानं घर केलेलं. मालकांनी पैशाचं नावही काढू दिलं नाही. म्हणाले, “चालू झाला तर एकदा मला ऐकवायला आणा. नाही झाला तर मला सांगू नका, तुमच्याकडंच ठेवा.” येताना एसटीत आप्पांनी डेक मांडीवर घेतला होता. कंडक्टर म्हणाला, “वर ठेवा की आजोबा.” आप्पांनी डेकवर दोनदा टकटक केलं.

मिस्त्रीला तो चालू करायला गणपती उलटले. हेड झिजलं होतं, ते एका मेलेल्या टेपचं बसवलं. पट्टा कुठल्याशा व्हीसीआरचा निघाला, पण सैल. तर त्यानं तो चहाच्या पातेल्यात उकळला. रबर उकळलं की थोडं आवळतं म्हणे. त्या दिवशी दुकानात चहा कुणी घेतला नाही. चौथ्या उकळीला पट्टा बसला.

एका दुपारी घरी टेबलावर डेक ठेवला, मागचं झाकण काढलेलं. आप्पांनी पेचकस घेतला. मी कॅसेट लावली. ‘नागरिकांना कळविण्यात येते की’. आप्पांनी स्क्रू फिरवला, आवाज खाली आला, पोरगा मोठा झाला, मिसरूड फुटलं.

“हाच!” आई म्हणाली. “हाच होता.”

आप्पांनी दोनदा टकटक केलं. अजून फिरवला.

“हा. आता बरोबर. अगदी हाच.”

“आई, मघाशी पण तू हाच म्हणालीस.”

“मग? तो पण हाच होता.”

तिला तो कुठल्याही वेगात ओळखू येत होता. तिचा काही उपयोग नव्हता. आप्पा फिरवत राहिले. एका जागी थांबले, मान हलवली. मी तिथं नेलपॉलिशचा ठिपका देणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं तर भलत्याच जागी थांबले. तिसऱ्या दिवशी आणखी वेगळ्या. मग पेचकस टेबलावर ठेवला, बाहेर ओट्यावर जाऊन बसले. गल्लीत दोन बाया भाजीवाल्याशी वाद घालत होत्या. आप्पा त्यांच्या तोंडांकडं बघत होते. मी आयुष्यात अनेकांना हरताना पाहिलंय, गेटबाहेर, कोर्टाबाहेर. माझा बाप स्वतःचा आवाज ओळखायच्या परीक्षेत नापास होताना मला बघवला नाही.

मी आत एकटीच कॅसेट पुन्हा पुन्हा लावत बसले. आणि मला ते ऐकू आलं. शेवटाला, ‘पाणी जपून वापरावे’च्या मागं, मी दार उघडल्यानंतर, खटाक-खट, खटाक-खट. अक्कांचे माग. म्हणूनच तर ते दार लाव म्हणाले होते. आप्पांचा वेग कुणाला माहीत नव्हता, पण माग मोटरवर चालतो, एका ठेक्यात चालतो. मागाचा ठेका जुळला तर आवाज जुळणार.

मी तशीच पळत अक्कांकडं गेले. आणि त्यांच्या दारात गेल्यावर मला आठवलं की माग नाहीत. अक्कांचे मालक गेल्यावर दोन्ही माग किलोवर विकले गेले. त्या जागी आता भाड्यानं दिलेली खोली आहे, दोन मुलं राहतात, मोबाइलचे कव्हर विकतात.

अक्का दारात तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. “अक्का, मागाचा ठेका आठवतो का तुम्हाला?”

“आठवतो का काय विचारालीस अम्मा? अजून झोपू देत नाही मला. बंद झाल्यापासनं जास्त ऐकू येतो.”

त्या आल्या, आमच्या उंबऱ्यावर बसल्या. आईनं पाट दिला. अक्कांनी डोळे मिटले आणि तळहातानं पाटावर ठेका धरला. आधी मनगट चुकलं, परत धरला. मग हात लागला. एवढी वर्षं भिंतीपलीकडं होता तो आवाज आमच्या उंबऱ्यावर आला आणि आईनं पदर तोंडाला लावला. मी कॅसेट शेवटच्या तुकड्यावर आणली. आप्पा पेचकस घेऊन बसले. कॅसेटमधला माग पुढं पळत होता, अक्कांचा हात मागं राहत होता. आप्पांनी फिरवलं. जवळ आलं. अजून थोडं. आणि एका क्षणी दोन्ही एक झाले, हात कुठला आणि माग कुठला ते कळेना.

मी पहिल्यापासून लावली.

जाड नव्हता. बारीकही नव्हता. थकलेला होता. मला तो कधी थकलेला वाटला नव्हता. दिवसभर रिक्षात फिरून आलेल्या, घशात काहीतरी टोचत असलेल्या माणसाचा आवाज होता. ‘जपून वापरावे’ला तो थोडा घासला. तेव्हाच सुरू झालं असणार ते दुखणं. आम्ही ते रोज ऐकत होतो, अख्खं शहर ऐकत होतं. “ए, दार लाव की गं.”

सगळे आप्पांकडं बघत होते. त्यांनी टेबलावर एकदा टकटक केलं. मग बोट पुन्हा उचललं. ते तसंच वर राहिलं. खाली आलं नाही.

नंतर त्यांनी स्क्रू जरासा, केसभर, पुढं नेला आणि तिथं मला ठिपका द्यायला लावला. अक्कांच्या हाताच्या जागी मी पेन्सिलीची खूण केली. आता डेकच्या मोटरमागं दोन खुणा आहेत. एक शेजारणीला आठवतो तो वेग, दुसरा आप्पांना वाटतो तो. त्या दोन खुणांच्या मध्ये कुठंतरी माझे वडील बोलतात. नेमकं कुठं, हे सांगणारी वस्तू कुणीतरी फोडून तांबं काढून विकली.

आप्पा आता रोज दुपारी डेक लावतात. कधी ठिपक्यावर, कधी पेन्सिलीवर. मग माझ्याकडं बघून भुवया उंचावतात. मी प्रत्येक वेळी व्हय म्हणते आणि त्यांना कळतं की मी आईसारखं बोलायला लागले.

एकच वस्तू राहिली आहे जी खरं सांगेल. रिक्षातला तो प्लेअर. मी माढ्याला जाऊन आले, जेऊरला स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यांना विचारून आले. एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, रिक्षा मोडली, पण टेप कुणीतरी ट्रॅक्टरला लावायला काढून नेला होता. कोण, ते त्याला आठवत नाही.

तर आता तुम्हाला. तुम्ही त्या बाजूचे असाल, किंवा तुमचं कुणी त्या बाजूला असेल. काळा कॅसेटप्लेअर, पुढच्या झाकणाचा डावा कोपरा तुटलेला, त्याला निळी चिकटपट्टी. ट्रॅक्टरवर असेल, गोठ्यात असेल, कोंबड्यांच्या खुराड्यावर पडलेला असेल. तो शोधा. आज बघा, सणावाराला घर झाडाल तेव्हा नको. आणि मिळाला तर दुरुस्त करू नका. वस्तू दुरुस्त करून मिळाव्यात म्हणून मी रस्त्यावर उभी राहते, आणि मीच सांगतेय. नवी मोटर घालू नका, पट्टा बदलू नका, तेल सोडू नका. बंद असला तर बंद राहू द्या. मिस्त्री म्हणतो, आतली चाकं बघूनही वेग कळेल. जितका संथ आहे तितका संथ मला पाहिजे.

हे छापणाऱ्यांकडं आमच्या घरचा नंबर आहे, तो मागून घ्या आणि फोन करा. दुपारी केलात तर आप्पा उचलतील. पलीकडून कुणी बोलणार नाही. हॅलो हॅलो करून ठेवू नका. प्लेअर सापडलाय एवढं सांगा आणि थांबा. टकटक होईल. ती मोजा.